तोकेंचा कागद

चापानाची डावी बाही अडकली म्हणून शोल्पान पुढे झाली. मखमलीचा तो मानाचा जड अंगरखा तिने खांद्यापाशी उचलून धरला, अल्दियारचा हात आत सरकला, आणि गळ्याशी दुमडलेली जरीची पट्टी तिने बोटाने सरळ केली. मग ती दोन पावलं मागे आली. टाळ्या तेव्हा सुरू झाल्या.

"हे आपल्या दुसऱ्या टप्प्याचे प्रमुख!" तोलेगेन हात पसरून म्हणाला. "आता हीच सिस्टिम चार शहरांत जाणार आणि हा तरुण माणूस ती घेऊन जाणार. आजपासून याला माझ्या जागी समजा."

गावाला गरम पाणी पुरवणाऱ्या कंपनीच्या कँटीनमध्ये चाळीसेक माणसं होती. टाळ्या वाजवताना त्यातली काही अल्दियारकडे बघत होती, बरीचशी शोल्पानकडे. शोल्पानही टाळ्या वाजवत होती. आपल्या हातांचा आवाजच होत नाहीये हे तिच्या लक्षात आलं, तशी ती जरा जोरात वाजवू लागली.

अंगात निळा ड्रेस होता. तो सकाळी बाल्झानने घालायला लावला होता. बाल्झान कंट्रोल रूममध्ये एकोणतीस वर्षं काढलेली बाई. शोल्पानच्या खोलीत येऊन तिने खुंटीवरचा करडा स्वेटर काढून बिछान्यावर फेकला होता.

"चापान शिवून आलाय, अल्माटीहून मोठे लोक येतायत, आणि तू हे घालून उभी राहणार? चापान काय स्वेटरवर चढवतात?"

"माझ्यासाठीच आहे असं कोण म्हणालं?"

"मग काय माझ्यासाठी आहे?"

शोल्पान अल्माटीतल्या एका सॉफ्टवेअर सल्लागार कंपनीत होती. गवताळ माळावरच्या या गावाला घराघरांत गरम पाणी पाइपांतून येतं. ते कधी, किती तापवायचं हे सांगणारी सिस्टिम बसवायला तिला पाठवलं होतं. पाच महिन्यांसाठी आली होती. त्याचे दोन हिवाळे झाले. चार शहरांच्या पुढच्या कामाचा प्रमुख अल्माटीच्या ऑफिसात बसणार होता, आणि ती जागा तोलेगेनने, तिच्या डायरेक्टरने, तिला तीनदा कबूल केली होती. एकदा फोनवर, दोनदा समोर. "हे संपव आणि ये. लेकीजवळ राहा." तेरा वर्षांची दिल्नाझ अल्माटीत शोल्पानच्या थोरल्या बहिणीकडे राहायची. हल्ली फोनवर तिची उत्तरं एका शब्दाची झाली होती. परवा मात्र शोल्पानने वसंत ऋतूत घरी येण्याचं नाव काढलं तेव्हा ती एक पूर्ण वाक्य बोलली होती. "तिकीट काढलंस की सांग, त्याआधी नको."

अल्दियार तोलेगेनच्या मेहुणीचा मुलगा. नोव्हेंबरात दोन सुटकेस आणि कॉफीचं मशीन घेऊन आला होता. वाईट नव्हता. सांगितलं तर ऐकायचा, पण आपणहून कधी काही विचारायचा नाही. त्याच्यासाठी शोल्पानने एकशेचाळीस पानांची वही लिहून काढली होती. कुठला सेन्सर कुठे खोटं बोलतो इथपासून सगळं. ती वही अजून तिच्याच टेबलावर होती.

सगळे जेवायला बसले. उकडलेल्या मांसाचं मोठं ताट आलं. मुख्य पाहुणा म्हणून मेंढ्याचं डोकं तोलेगेनसमोर ठेवलं गेलं. त्याने सुरी घेतली आणि एक कान कापला.

"तोके," टेबलाच्या शेवटून बाल्झान म्हणाली. तोलेगेनला आदराने सगळे तसंच म्हणत. "कान नव्या साहेबांना द्या. कान खाल्ला की पोरं ऐकायला शिकतात म्हणतात."

कान घरातल्या लहान मुलाला देतात. माना खाली घालून माणसं हसली. तोलेगेनही हसला.

"आणि जीभ तुम्हाला द्यायला नको, बाल्झानताई. आहे तीच गावाला पुरतेय."

आता सगळे मोकळेपणाने हसले. अल्दियारने कान खाऊन टाकला.

प्रांताच्या ऑफिसातून आलेले एक जाड भुवयांचे अधिकारी तोलेगेनच्या उजवीकडे बसले होते. त्यांना विनोदात रस दिसत नव्हता. हाड बाजूला ठेवून त्यांनी अल्दियारकडे पाहिलं.

"जानेवारीच्या वादळात गावाचा तिसरा भाग गार पडला नाही. दरवर्षी पडतो, दरवर्षी माझ्या टेबलावर दोनशे तक्रारी येतात. या वर्षी काय केलंत?"

"आम्ही सगळा डेटा एका जागी आणला," अल्दियार म्हणाला. "आणि मग सिस्टिमनं निर्णय घेतला."

"कसला निर्णय?"

अल्दियारने पाणी प्यायलं. त्याची नजर टेबलावरून फिरत शोल्पानपाशी आली आणि थांबली.

"वारा," शोल्पान म्हणाली. "आधी बाहेरचं तापमान बघून पाणी तापवत होते. पण तिसऱ्या भागाच्या उत्तरेला एकही इमारत नाही, नुसता माळ. वारा सुटला की उणे अठरातसुद्धा तिथल्या भिंती उणे तिसासारख्या गार होतात. म्हणून वाऱ्याचा वेग आणि दिशाही धरली, आणि वादळ पोचायच्या सहा तास आधी पाणी तापवायला सुरुवात केली."

"सहाच का?"

"पाणी तिथवर पोचायला अडीच तास लागतात. भिंत तापायला साडेतीन."

अधिकाऱ्याने मान हलवली आणि पुन्हा हाड उचललं.

"बघा, ही आमची टीम!" असं म्हणून तोलेगेनने अल्दियारच्या पाठीवर थाप मारली.

शोल्पानने ताटलीतला उकडलेल्या कणकेचा तुकडा काट्याने दुमडला, उलगडला, परत दुमडला. प्रश्न तिला विचारलेला नव्हता. उत्तर देऊन झाल्यावर तिला ते कळलं.

चहापूर्वी लोक पाय मोकळे करायला उठले. तोलेगेन तिला कॉरिडॉरच्या खिडकीपाशी घेऊन गेला. बाहेर अंगणात बर्फाचा काळा चिखल झाला होता आणि दोन माणसं फळ्या टाकून त्यावरून वाट करत होती.

"रागावलीस?"

"नाही."

"रागावलीस. अकरा वर्षं बघतोय तुला. राग आला की तू 'नाही' म्हणतेस आणि खूश असलीस की काहीच म्हणत नाहीस."

"तुम्ही कबूल केलं होतंत, तोके."

"केलं होतं. मनापासून केलं होतं." त्याने आवाज खाली आणला. "पण माझ्या घरात काय चाललंय ते तुला नाही माहीत. मेहुणी रोज येऊन बसते. पोरगं अठ्ठावीसचं झालं, नावापुढे काही नाही, उद्या याला मुलगी कोण देणार? तुझं काय गं, तुला माळावर फेकलं तरी तू उगवतेस. त्याला कुंडी लागते, रोज पाणी लागतं."

"मग मी अल्माटीला कधी यायचं?"

"एक हिवाळा. एकच. तू इथून हललीस तर हे सगळं बसेल, आणि तो तिकडे कोणाला विचारणार? फोनवर सांगत राहा त्याला. मी कागद आणलाय वर्षभराचा. चहाच्या वेळी सगळ्यांसमोरच सही कर, म्हणजे इथल्या लोकांना धीर येईल. म्हणतील, आपली शोल्पान कुठे जात नाहीये." त्याने तिचा हात दोन्ही हातांत घेतला. त्याचे हात उबदार होते, नेहमीच असत. "धाकट्या बहिणीवर हक्क नाही सांगायचा तर कोणावर सांगायचा?"

तोलेगेनने तिच्या हातावर थोपटलं आणि तो आत गेला.

ती खिडकीपाशीच उभी होती तेव्हा ओराझबेक आले. ते गावातल्या पाणी कंपनीचे मुख्य इंजिनीअर होते, वय सहासष्ट. पांढऱ्या दाढीमुळे सगळे त्यांना अक्साकाल म्हणत. दुपारभर ते तिच्याशी एक अक्षर बोलले नव्हते. खरं तर दोन महिने ते तिच्याशी जपून, कामापुरतंच बोलत होते. आपलं काय चुकलं, असं तिने बाल्झानला एकदा विचारलंही होतं.

"पोरी, जरा पंपांकडे चल. तीन नंबरचा आवाज वेगळा येतोय."

खाली पंपांच्या हॉलमध्ये ऊब होती. तिने तीन नंबरच्या पंपावर तळहात ठेवला आणि डोळे मिटून मिनिटभर कंपनं मोजली.

"आवाज बरोबर आहे, अक्साकाल."

"माहीत आहे मला." ते जरा थांबले. "मुलगी कशी आहे?"

"दिल्नाझ? मजेत. पुढच्या आठवड्यात भूमितीची परीक्षा आहे, त्यामुळे रडतेय."

"म्हणजे उठून शाळेत जायला लागली?"

शोल्पानने पंपावरचा हात काढला.

"आमच्या म्हातारीनं तीन शुक्रवार सात-सात पोळ्या तळून शेजारी वाटल्या," ओराझबेक म्हणाले. "पोरीला बरं वाटावं म्हणून दुवा मागितली. तू काही बोलली नाहीस, म्हणून मीही विचारलं नाही. आजारपणाच्या घरी आपण होऊन चौकशा करू नयेत. पण आज तोलेगेन सांगत फिरतोय की तू अजून वर्षभर इथेच राहणार. लेक तिकडे अंथरुणात आणि आई इथे? मला गणित जुळेना."

"ती आजारी आहे असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तूच की."

हॉलच्या कोपऱ्यात त्यांची काचेची केबिन होती. कपाट उघडून त्यांनी एक फाइल काढली. वरच त्यांनी जानेवारीत शोल्पानच्या अल्माटीतल्या ऑफिसला पाठवलेल्या पत्राची प्रत होती. आमचे पाइप ओळखणारी ही एकच व्यक्ती आहे, पुढच्या टप्प्याचं प्रमुखपद तिला द्यावं अशी आमच्या कंपनीची लेखी विनंती आहे. हे पत्र शोल्पान पहिल्यांदाच बघत होती. त्याला टाचलेल्या उत्तरावर नऊ फेब्रुवारी ही तारीख होती. 'माझी मुलगी दिल्नाझ हिच्या दीर्घ आजारामुळे मला ही जबाबदारी स्वीकारणे शक्य नाही. माझ्या जागी अल्दियार यांची शिफारस मी करते. पहिल्या टप्प्याची आखणी मुख्यत्वे त्यांचीच आहे.' खाली सही. शेवटच्या अक्षरातून मागे ओढलेली बारीक रेघ तिचीच होती. तशी रेघ दुसऱ्या कोणाला ओढता आली नसती.

आधी, अभद्र टळावं म्हणून, तिने मान वळवून डाव्या खांद्यावरून तीनदा हलकेच थुंकल्यासारखं केलं आणि टेबलाच्या लाकडावर बोटांनी टकटक केली. पोरीच्या नावापुढे आजार लिहिला होता. भौतिकशास्त्राची पदवी त्या क्षणी कुठे होती कोण जाणे. मग तिने पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

नऊ फेब्रुवारीला तोलेगेन याच गावावरून पुढे जात होता. गाडी इथे चार मिनिटं थांबते. फलाटावर उणे एकतीस होतं. डब्याच्या दारात उभं राहून त्याने चामड्याच्या बॅगेवर सात कागद ठेवले होते, फक्त खालचे कोपरे दिसतील असे. पेनातली शाई गोठली म्हणून त्याने ते मुठीत धरून, त्यावर श्वास सोडून गरम करून दिलं होतं. "हजेरीचे आहेत, वर मागतायत," तो म्हणाला होता, आणि तिने सातही ठिकाणी सही केली होती. साध्या सेन्सरवरचं लेबलही ती दोनदा वाचते. पण थोरल्याने पुढे केलेला कागद त्याच्यासमोर वाचायचा नसतो. वाचणं म्हणजे तोंडावर सांगणं, की मला तुमचा भरवसा नाही. आणि हा थोरला तर असा, की तिचे वडील गेले तेव्हा सातशे किलोमीटर गाडी हाकत आला होता. तिला भाऊ नव्हता. कबरीत उतरून वडिलांना खाली तोलेगेननेच घेतलं होतं.

"तू लिहिलं नव्हतंस?" ओराझबेकनी विचारलं.

"सही माझी आहे."

"ते विचारलं नाही मी."

"वाचलं नव्हतं."

"कोणी दिला होता कागद?"

"तोकेंनी."

ओराझबेकनी दाढीवरून हात फिरवला. काचेपलीकडे तीन नंबरचा पंप एका लयीत चालला होता.

"मीही वाचला नसता," ते म्हणाले.

त्यांनी फाइल बंद केली आणि कपाटाला कुलूप घातलं. ती उठली. जिना चढून ती वर आली.

कँटीनमध्ये चहा आला होता. सायीचे वाडगे, कणकेचे तळलेले गोळे म्हणजे बाउरसाक, सुका मेवा. आता आवाज वाढले होते. अल्दियार अधिकाऱ्याला फोनमधले कसले तरी फोटो दाखवत होता. ती आत येताच तोलेगेनने खुर्ची मागे ओढली.

"आली बघा! मंडळी, जरा इकडे लक्ष द्या. तुम्ही मला मघापासून विचारताय, शोल्पान आम्हाला सोडून जाणार का? अजिबात नाही." त्याने पाकिटातून दोन पानं काढली, तिच्या पुढ्यातली चहाची वाटी थोडी सरकवून तिथे ठेवली आणि पेनाचं टोपण स्वतः काढून दिलं. "ये, शोल्पानजान. इथे एक, आणि मागे इथे एक." त्याने बोट नेमकं सहीच्या जागेवर ठेवलं.

काही जणांनी टाळ्यांसाठी हात वर घेतले होते.

शोल्पान बसली. पेन तिने घेतलं आणि कागदाच्या शेजारी आडवं ठेवलं. पर्समधून चष्मा काढला, काचा ड्रेसच्या कडेने पुसल्या, आधी डावी, मग उजवी, आणि तो डोळ्यांवर चढवला. मग तिने कागद हलकेच आपल्याकडे ओढला. तोलेगेनचं बोट कागदाबरोबर थोडं सरकलं आणि मागे राहिलं.

ती वरून वाचू लागली. कंपनीचं नाव. पत्ता. तारीख.

पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं नाही. ती पहिला परिच्छेद संपवून दुसऱ्यावर गेली तेव्हा शेजारच्या दोघांचं बोलणं थांबलं. मग त्यांच्या शेजारच्यांचं. टेबलाच्या पार टोकापर्यंत शांतता पसरायला तेवढाच वेळ लागला. बाल्झानने तोंडाकडे नेलेला बाउरसाक खाली ठेवला.

"काय शोधतेस?" तोलेगेनने हसून विचारलं.

"काही नाही. वाचतेय."

"अगं, मीच लिहून आणलाय तो."

"हो, तोके."

ती पुढे वाचू लागली. ओळ हरवू नये म्हणून तिने तर्जनी शब्दांखाली धरली होती आणि ती डावीकडून उजवीकडे, एकाच वेगाने, सरकत होती. तोलेगेनने इकडेतिकडे पाहिलं. कोणीतरी हसून त्याची सुटका करेल असं त्याला वाटलं असावं. अल्दियारने फोन खिशात ठेवला. जाड भुवयांचे अधिकारी खुर्चीत किंचित पुढे झुकले आणि त्यांनी कागदाकडे बघितलं, मग तोलेगेनकडे. तोलेगेनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"चहा निवतोय, शोल्पान," तो हळू म्हणाला. त्याच्या आवाजात आता हसणं नव्हतं. "नंतर वाच ना."

समोरच्या बाजूला ओराझबेक येऊन बसले होते. त्यांनी हात लांब करून तिच्या पुढ्यातलं बाउरसाकचं ताट उचललं, सायीचा वाडगा बाजूला केला, सांडलेले कण तळहाताने झाडले. दुसरं पान पसरता येईल एवढी जागा मोकळी झाली.

"निवू दे," ते म्हणाले. "बसा सगळे. तिला वाचू दे."

शोल्पानने पान उलटलं.